नॅसकारचा विजेता ठरवायचा कसा? पन्नास वर्षांचं भांडण

अमेरिकेतल्या नॅसकार या मोटार शर्यतींच्या संघटनेने जानेवारी 2026मध्ये आपल्या सर्वोच्च कप मालिकेची बाद फेऱ्यांची प्लेऑफ पद्धत गुंडाळली आणि ‘चेस’ हे जुनं नाव परत आणलं. स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींचे चाहते गेली वीसेक वर्षं यावरच हमरीतुमरीवर येत होते. वर्षभर सातत्याने गाडी हाणणाऱ्याला विजेता म्हणायचं, की शेवटच्या दिवशी पुढे राहील त्याला? या नियमांचा इतिहास चाळला तर जवळपास प्रत्येक बदलामागे एक चालक दिसतो. कुणाचं जिंकणं लोकांना पटलं नव्हतं, तर कुणी इतकं जिंकत होता की लोक कंटाळले होते.

बिल फ्रान्स यांनी 1948 साली डेटोना बीचला नॅसकारची मोट बांधली. सुरुवातीची गुणपद्धत वारंवार बदलत राहिली. 1974मध्ये तर बक्षिसाच्या रकमेवरून गुण काढायचं एक अजब सूत्र होतं, त्यात गुण दशांश चिन्हापर्यंत जायचे. 1975पासून बॉब लॅटफर्ड यांची पद्धत आली. ती एका बारमध्ये कागदी रुमालावर लिहिली गेली असं सांगतात. पहिल्याला 175, दुसऱ्याला 170, आणि पुढे हळूहळू उतरती भाजणी. ट्रॅकच्या एका तरी फेरीत आघाडी घेतली तर वर पाच, सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहिलात तर आणखी पाच. म्हणजे जिंकणाऱ्याला फारसं झुकतं माप नव्हतंच. एक शर्यत जिंकून पुढच्या शर्यतीत इंजिन जाळणाऱ्यापेक्षा दर आठवड्याला पाचवा येणारा फायद्यात. 1985मध्ये बिल एलियटने 11 शर्यती जिंकल्या, जेतेपद मात्र तीन शर्यती जिंकणाऱ्या डॅरेल वॉल्ट्रिपकडे गेलं. 1996मध्ये जेफ गॉर्डनच्या दहा विजयांपुढे टेरी लॅबोंटीचे दोनच, तरी विजेता लॅबोंटी. कुरकुर झाली, पण पद्धत टिकली.

एकाच माणसाच्या वर्चस्वाचं त्या काळी कुणाला वावडं नव्हतं. रिचर्ड पेटीने 1967 साली 27 शर्यती जिंकल्या, त्यातल्या दहा सलग, आणि लोकांनी त्याला ‘राजा’ म्हणून डोक्यावर घेतलं. पेटी आणि डेल अर्नहार्ट यांची प्रत्येकी सात जेतेपदं याच जमान्यातली.

मग आलं 2003. मॅट केनसेथने मार्चमध्ये लास व्हेगासला एक शर्यत जिंकली आणि नंतर वर्षभरात एकही नाही. पण 36 पैकी 25 शर्यतींत तो पहिल्या दहात होता, 33 आठवडे गुणतक्त्याच्या शिखरावर होता, आणि शेवटची शर्यत बाकी असतानाच निकाल लागून गेला. आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहावा! पुढच्या वर्षीच्या बदलाला चाहते आजही ‘केनसेथचा नियम’ म्हणतात. मला त्यात केनसेथवर जरा अन्याय वाटतो. त्याच सुमारास विन्स्टन सिगारेटचं प्रायोजकत्व संपून नेक्स्टेल ही फोन कंपनी आली होती. 2001पासून टीव्हीचे मोठे करार झाले होते आणि शरद ऋतूत सगळा प्रेक्षक अमेरिकन फुटबॉलकडे पळत होता. नव्याने सूत्रं हाती घेतलेल्या ब्रायन फ्रान्सला नोव्हेंबरपर्यंत चुरस हवीच होती, केनसेथ हे आयतं कारण मिळालं.

2004च्या ‘चेस’मध्ये 26 शर्यतींनंतर वरच्या दहा जणांचे गुण एकमेकांजवळ आणले गेले आणि उरलेल्या दहा शर्यतींत फैसला. पहिल्याच वर्षी होमस्टेडच्या अखेरच्या शर्यतीत कर्ट बुशच्या गाडीचं चाक निखळलं, गाडी पिटच्या (टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेच्या) भिंतीवर आदळता आदळता वाचली, आणि तो आठ गुणांनी जिंकला. टीव्हीला आणखी काय हवं? पण नियतीने चिमटा काढलाच. चुरशीसाठी आणलेल्या या पद्धतीत जिमी जॉन्सनने 2006 ते 2010 अशी ओळीने पाच जेतेपदं नेली. जुन्या गुणांनी मोजलं तर 2007 गॉर्डनचं आणि 2010 केविन हार्विकचं होतं, हे गॉर्डनचे चाहते आजही ऐकवतात. हा हिशेब कागदावर बरोबर आहे, पण नियम वेगळे असते तर जॉन्सनचा संघही वेगळ्या बेताने उतरला असता, हे त्यात धरलेलं नसतं.

2011मध्ये टोनी स्टुअर्ट आणि कार्ल एडवर्ड्स यांची 2403 गुणांवर बरोबरी झाली, आणि पाच विजयांच्या जोरावर स्टुअर्टला जेतेपद मिळालं. हा थरार दर वर्षी हवा, या हव्यासातून 2014ची पद्धत आली: सोळा जण, तीन टप्प्यांत चार-चार बाद, आणि शेवटच्या शर्यतीत उरलेल्या चौघांत जो पुढे तो विजेता. वर्षात एक शर्यत जिंकली की प्लेऑफचं दार बहुधा उघडंच. त्याच वर्षी न्यूमनने फिनिक्सच्या अखेरच्या वळणावर काइल लार्सनला ढकलून अंतिम चौघांत जागा पटकावली, आणि होमस्टेडला तो हार्विकच्या मागे अर्ध्या सेकंदाने दुसरा आला. वर्षभरात एकही विजय नसलेला विजेता थोडक्यात हुकला.

आपल्याकडे 2023च्या विश्वचषकात सलग दहा सामने जिंकून अहमदाबादला अंतिम सामना गमावल्याची सल अजून आहे, पण तिथे निदान मैदानावर दोनच संघ होते. नॅसकारच्या अंतिम शर्यतीत जेतेपदाचे चार दावेदार आणि बाकी तीसेक गाड्या एकाच ट्रॅकवर पळतात. कुणाच्याही फुटलेल्या टायरने वर्षाचा निकाल फिरू शकतो.

2020मध्ये नऊ शर्यती जिंकणारा हार्विक अंतिम चौघांत पोचलाच नाही. 2022मध्ये मार्टिन्सव्हिलला रॉस चॅस्टेनने शेवटच्या वळणांवर गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, भिंतीला घासत पूर्ण वेगाने पाच गाड्या मागे टाकल्या आणि डेनी हॅमलिनला अंतिम चौघांतून बाहेर काढलं. जगभर गाजलेली ही करामत पुढच्या वर्षी बंद केली गेली. 2024मध्ये तिथेच गुणांसाठी संघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं म्हणून तीन संघांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. त्या वर्षीचा विजेता जोई लोगानो. तो खरं तर शार्लटला बाद झाला होता. अ‍ॅलेक्स बोमनची गाडी वजनात कमी भरली म्हणून परत आत आला, पुढच्याच आठवड्यात लास व्हेगास जिंकला, आणि मग फिनिक्सची अंतिम शर्यतही. त्याचा वर्षभराचा सरासरी क्रमांक 17च्याही मागे. आधीच्या कुठल्याच विजेत्याची सरासरी इतकी वाईट नव्हती. नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं, पण नियमाची बाजू मांडणारे तेव्हापासून गप्प झाले.

उरलीसुरली कसर 2 नोव्हेंबर 2025ला भरून निघाली. वीस वर्षं जेतेपदाविना राहिलेला हॅमलिन फिनिक्सच्या अंतिम शर्यतीत 208 फेऱ्या आघाडीवर होता. तीन फेऱ्या उरल्या असताना विल्यम बायरनचा टायर गेला, पिवळा झेंडा पडला, म्हणजे सगळ्या गाड्या मंदावून एकामागे एक आल्या. हॅमलिनने चार टायर बदलले, लार्सनने दोनच. तेवढ्या सेकंदांत लार्सन पिटमधून पुढे निघाला, शर्यतीत तिसरा आला आणि विजेता झाला, त्या दिवशी एकही फेरी आघाडीवर न राहता. हॅमलिन सहावा.

2026च्या नियमांत बाद फेऱ्या नाहीत, ‘जिंका आणि आत या’ नाही. 26 शर्यतींनंतर गुणांनुसार सोळा जण, मग दहा शर्यतींची बेरीज. विजयाला 2025च्या 40ऐवजी 55 गुण. यावर कडवे चाहते अर्धेच खूश आहेत, त्यांना सर्व 36 शर्यतींची सरळ बेरीज हवी होती. त्यांच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलला तो मार्क मार्टिन, पाच वेळा दुसरा आलेला आणि कधीच विजेता न झालेला. 1990मध्ये रिचमंडला कार्ब्युरेटरखालचा एक तुकडा नियमात बसला नाही म्हणून त्याचे 46 गुण कापले होते, आणि वर्षाअखेरी त्याच सरळ बेरजेत तो अर्नहार्टपेक्षा 26 गुणांनी मागे पडला होता.