ऑइलपेंटने ओल जात नाही

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत एक समजूत पक्की आहे: भिंतीला ओल आली की ऑइलपेंट मारा, ओल दबते. दबते ती फक्त दिसायची. विटा आणि चुन्याचा गिलावा जमिनीतलं पाणी वर ओढतात. ते भिंतीतून उडून जायला हवं. ऑइलपेंट ती वाटच बुजवतो. मग क्षार रंगामागे साठतात, पापुद्रा फुगतो, नखाने टोकरला की खालून पांढरी भुकटी. हाच लोणा.

शंका असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं, तर दिवाळी तोंडावर असली तरी रंगाऱ्याला थांबवा. (तो स्वतःहून थांबणार नाही, रंग सुटला की पुन्हा काम त्यालाच, मजुरी दुप्पट होते.) आधी गळका पाइप, तुंबलेली पन्हळ बघा, पोपडे खरवडा, भिंत सुकू द्या. अशा भिंतीला साधा चुनाच बरा.