पाऊस कमी म्हणून छताचं पाणी साठवून फायदा नाही? आधी हिशोब तर करा

"आपल्याकडं पाऊसच कुठं पडतो, छताचं पाणी साठवून काय मिळणार" हे लातूर, बीड, नांदेड कुठंही जा, ऐकायला मिळतंच, आणि २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं तेव्हापासून तर ते अजूनच पक्कं झालंय. पण गणित साधं आहे बघा. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १००० स्क्वेअर फुटांचा स्लॅब म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, वर्षाला ६५० मिमी धरा (आपली सरासरी याच्या आसपासच आहे), थोडं उडून-सांडून गेलं तरी ४५-५० हजार लिटर हाती येतं, म्हणजे ५ हजार लिटरचे नऊ-दहा टँकर. निम्माच पाऊस झाला तरी चार-पाच टँकर कुठं गेले नाहीत!

खरी अडचण वेगळीच आहे. पाऊस आता दोन-चार दिवसांत धो-धो कोसळतो आणि मग आठवडेच्या आठवडे गायब, त्यामुळं घरच्या टाकीत सगळं मावत नाही, जास्तीचं जमिनीत सोडावं लागतं. खाली काळा बेसाल्ट खडक, पाणी त्याच्या भेगांतूनच मुरणार, म्हणून कुठंही खड्डा खणून चालत नाही. चालू बोअर असेल तर त्याच्याभोवती गोटे, खडी, वाळूचा फिल्टर करून मग सोडा. काहीजण छताचा पाइप थेट बोअरमधी खुपसतात, ते नका करू राव, कबुतरांची घाण सगळी त्याच पाण्यात जाते जे शेजारचे पण पितात. पहिल्या पावसाचं पाणी तर बाहेरच सोडायचं, पाइपला एक वॉल्व्ह लावला की झालं.