पास्त्यावर भाजलेला पावाचा चुरा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नौपाड्यातल्या आमच्या बेकरीत काउंटरवर चुऱ्याची दोन पाकिटं ठेवलेली असतात. एकावर 'बारीक, न भाजलेला' असं लिहिलंय, दुसऱ्यावर 'जाडसर, भाजलेला'. बारीक चुरा लोक कटलेट-पॅटिससाठी नेतात, त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. दुसरं पाकीट मात्र उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, "हे कशाला?" संध्याकाळी पावाच्या गर्दीत नीट सांगणं होत नाही, म्हणून हा कागद पाकिटासोबत देतो आहोत.

जाडसर चुरा पास्त्यावर घालण्यासाठी आहे. दक्षिण इटलीत, विशेषतः सिसिली आणि कालाब्रिया भागात, ही जुनी घरगुती पद्धत आहे. किसून घालायचं चीज गरीब घरांना परवडत नसे, शिळा पाव मात्र घरात असायचाच. तो कुस्करून ऑलिव्ह तेलात तांबूस भाजायचा आणि चीजच्या जागी पास्त्यावर पेरायचा. पार्मेझान म्हणजे किसून घालायचं इटालियन चीज, आणि 'गरिबांचं पार्मेझान' हे नाव चुऱ्याला त्यातूनच मिळालं. १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला, सिसिलीत असा पास्ता आवर्जून करतात. जोसेफ सुतार होता, म्हणून वरचा चुरा हा त्याच्या कामाचा लाकडाचा भुसा मानतात. आज चीज परवडणारी घरंसुद्धा हा चुरा सोडायला तयार नाहीत, कारण मऊ पास्त्याबरोबर दाताखाली येणारा कुरकुरीतपणा चीज देऊ शकत नाही.

इथे आमचं एक ठाम म्हणणं सांगून टाकतो. चुरा आणि चीज दोन्ही एकाच ताटलीत घालू नका. चीज वितळून चुऱ्याला चिकटतं, गोळे होतात आणि दोन्हींची चव मारली जाते. ओव्हनमधल्या पास्त्याची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

पाकिटात काय असतं

आम्ही हा चुरा ब्रून पावाचा करतो. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, बस्स. लादी पावात आणि सँडविच ब्रेडमध्ये थोडी साखर असते, त्यामुळे त्यांचा चुरा आत वाळायच्या आधीच बाहेरून काळपट होतो. ब्रूनचं कवच कडक असल्याने चुऱ्यात टणक कण आणि हलके कण असे दोन्ही येतात. भट्टी उतरत आली की राहिलेल्या उबेवर पाव वाळवतो, मग जाडसर भरडतो आणि पुन्हा कोरडाच भाजतो. तेल मुद्दाम लावत नाही, कारण तेल लागलेला चुरा पाकिटात लवकर खवट होतो. तेलाचं काम तुम्ही घरी करायचं, आणि ते करायलाच हवं. पाकीट फोडून तसाच पेरलात तर तोंडात कोरडा भुसा येईल.

गव्हाचं वावडं असलेल्यांनी हा चुरा खाऊ नये. आमच्या बेकरीत दूध, लोणी, अंडी, तीळ आणि सुका मेवाही वापरला जातो, हेही ध्यानात असू द्या. चुऱ्यात कांदा-लसूण नाही, अंडं नाही. यीस्ट मात्र आहे. ज्या घरांत ते चालत नाही त्यांनी कृपया घेऊ नये.

घरी ब्रून, कडक पाव किंवा बिनगोडाचा लोफ शिल्लक असेल तर आमचं पाकीट घ्यायची गरज नाही. तुकडे करून ओव्हनमध्ये १५० अंशांवर पूर्ण कोरडे होईपर्यंत ठेवा, नाहीतर मंद तव्यावर उलटसुलट करा. मिक्सर सलग चालवू नका, थांबत थांबत दोन-तीनदा फिरवा. जाड रव्यापेक्षा मोठे, साबुदाण्याच्या आसपासचे कण हवेत. थोडी पूड होणारच, ती चाळून कटलेटला ठेवा. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तो पाव अख्खा टाकून द्यायचा, ठिपका काढून उरलेला वापरायचा नाही. आणि चहाबरोबरचे टोस्ट किंवा जिरा बटर कुटून घालू नका. टोस्टमध्ये साखर आणि बऱ्याचदा वेलची असते. वेलचीच्या वासाचा लसणी पास्ता कसा लागतो हे आमच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलंय, त्यामुळे तुम्ही करून बघायची गरज नाही.

तेलात भाजणं

सगळी करामत या पाच-सात मिनिटांत आहे. चौघांसाठी एक वाटी चुरा, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, आणि दोन मोठे चमचे तेल घ्या. पसरट कढई किंवा जाड तवा मध्यम ते मंद आचेवर ठेवा. तेल कोमट झालं की चुरा घाला आणि हलवायला लागा. फोन बाजूला ठेवा. पहिली तीन-चार मिनिटं काही होत नाही असं वाटतं, आणि मग रंग भराभर चढतो. ओल्या वाळूसारखा दिसणारा चुरा सुटा सुटा होऊन खरपूस वास सुटला की गॅस बंद करा आणि लगेच ताटात पसरा. कढईतच राहू दिलात तर तापलेलं लोखंड आपलं काम चालूच ठेवतं, आणि तांबूस चुरा बघता बघता काळा होतो. करपलेला चुरा कडू लागतो. त्याला इलाज नाही, नवा घ्या.

लसूण हवा असेल तर आधी पाकळी ठेचून तेलात परता, तांबूस होताच बाहेर काढा आणि मग त्या तेलात चुरा घाला. लसणाचे बारीक तुकडे चुऱ्याबरोबर घातले तर चुरा भाजून होईपर्यंत लसूण जळतो. जैन घरांत लसणाऐवजी चिमूटभर हिंग आणि मिरपूड चालते, चवही छान येते. मीठ, कुटलेली लाल मिरची, किसलेली लिंबाची साल हे गॅस बंद केल्यावर मिसळा. लिंबाची फक्त पिवळी साल घ्या, आतली पांढरी कडू असते.

तेल ऑलिव्हचंच हवं असा आमचा आग्रह नाही. घाण्याचं शेंगदाणा तेल चालतं. त्याचा स्वतःचा वास येतो, पण लसूण-मिरचीबरोबर तो खुलतो. मोहरीचं तेल नको. लोण्यात भाजलेला चुरा गरम असताना फार चविष्ट लागतो, पण निवला की मऊ पडतो.

पास्ता शिजवताना

पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेला पास्ता घ्या. आपल्याकडे बन्सी गहू म्हणतात तो याच जातीचा. मैद्याचा पास्ता पटकन गिळगिळीत होतो आणि मग वरच्या कुरकुरीत चुऱ्याला काही अर्थ उरत नाही. माणशी ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि लिटरला सुमारे १० ग्रॅम मीठ, म्हणजे दीड ते दोन छोटे चमचे. पाण्यात तेल घालायची पद्धत सोडून द्या. चिकटू नये म्हणून ते घालतात, पण तेल वर तरंगत राहतं आणि निथळताना पास्त्यावर चढतं, मग त्याला सॉस धरत नाही. पहिली दोन मिनिटं नीट ढवळलं की पास्ता चिकटत नाही.

निथळण्याआधी एक मोठी वाटी पाणी काढून ठेवा. त्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो, आणि त्यामुळेच तेल व पाणी एकजीव होऊन दाटसर रस तयार होतो. चुऱ्याच्या पास्त्यात हे पाणी फार मोलाचं. चुरा वरून घातल्यावर ओलावा शोषून घेतो, म्हणून खालचा पास्ता नेहमीपेक्षा थोडा जास्त ओलसर, चकचकीत ठेवावा लागतो. पास्ता कोरडा झाला अशी तक्रार येते तेव्हा बहुधा हे पाणी बेसिनमध्ये गेलेलं असतं.

आणि चुरा कधी घालायचा? ताटात वाढल्यावर. ठाण्यात मिसळ खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको : फरसाण रश्श्यात आधीपासून घालून ठेवत नाहीत. चुऱ्याचंही तसंच. निम्मा वाढताना घाला, निम्मा वाटीत टेबलावर ठेवा.

लसूण-मिरचीचा पास्ता

पहिल्यांदा करणार असाल तर हाच करा. चौघांना ३५० ग्रॅम स्पॅगेटी. सहा-सात लसूण पाकळ्यांचे पातळ काप थंड तेलात घालूनच गॅस मंद सुरू करा, पाच-सहा मोठे चमचे तेल लागेल. काप सोनेरी व्हायला लागले की कुटलेली मिरची घाला, लगेच थोडं पास्त्याचं पाणी. पाकिटावरच्या वेळेच्या दीड-दोन मिनिटं आधी स्पॅगेटी काढा आणि याच कढईत पाणी घालत घालत हलवा, रस दाट होईपर्यंत. वरून बारीक चिरलेली पार्सली किंवा कोथिंबीर आणि चुरा. मासे खाणाऱ्यांनी मूठभर सुका जवळा निवडून, तव्यावर कोरडा भाजून, भरड कुटून चुऱ्यात मिसळावा. इटलीत या ठिकाणी खारवलेले अँचोव्ही नावाचे छोटे मासे तेलात विरघळवतात. त्या बाटल्या महाग असतात, जवळा जांभळी नाक्याला मिळतो. चव तीच नाही, पण खारटपणा आणि तो समुद्राचा वास अगदी जागेवर बसतो. जवळ्यात मीठ असतं, तेव्हा वेगळं मीठ चाखूनच.

फ्लॉवरचा पास्ता

पालेर्मो शहराचा हा पास्ता आमच्या मते आपल्या जिभेला सगळ्यांत जवळचा. मध्यम फ्लॉवरचे तुरे खारट पाण्यात अगदी मऊ शिजवा, झाऱ्याने काढा आणि त्याच पाण्यात पास्ता टाका. दुसरीकडे तेलात एक कांदा परता, त्यात दोन चमचे बेदाणे, दोन चमचे चिलगोजे आणि गरम पाण्यात भिजवलेलं थोडं केशर. चिलगोज्यांचा भाव ऐकून बेत रद्द करू नका, काजू-बदामाचे तुकडे घाला. फ्लॉवर यात घालून पळीने ठेचत राहा, अर्धा लगदा आणि अर्धे तुकडे असं व्हायला हवं. मग पास्ता आणि पाणी. यावर चुरा सढळ हाताने घाला, कारण खाली सगळंच मऊ आणि गोडसर असतं. चुऱ्यात मिरची थोडी जास्त चालेल.

तारली आणि शेपू

सिसिलीत सार्डिन मासे आणि रानबडीशेपेचा पाला घालून केलेला पास्ता प्रसिद्ध आहे. सार्डिनच्या जागी आपली तारली आहे, ती त्याच कुळातली. रानबडीशेप इथे मिळत नाही, पण शेपूचा वास तिच्या बराच जवळ जातो. ज्यांच्या घरी शेपूवरून भांडणं होतात त्यांनी इथेच थांबावं.

आठ-दहा तारल्या कोळणीकडूनच साफ करून, उघडून, मधला काटा काढून घ्या. बारीक काटे तरीही राहतात, मुलांना देताना बघून द्या. शेपूची जुडी पास्त्याच्याच पाण्यात दोन मिनिटं उकळून, पिळून, चिरा. कांदा, बेदाणे, केशर वरच्यासारखंच. त्यात शेपू, मग तारली. मासा चार-पाच मिनिटांत होतो, जास्त ढवळला तर त्याचा भुगा होतो. पास्ता घालून हलक्या हाताने मिसळा, वर चुरा, सोबत लिंबाची फोड. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या तारलीचा हट्ट धरू नका, फ्लॉवरकडे वळा.

टोमॅटो सॉसबरोबर चुरा चालतो, सॉस आटलेला असेल तर. पातळ सॉसवर त्याची लापशी होते. व्हाइट सॉसवर वरून पेरण्यात आम्हाला मजा वाटत नाही.

ओव्हनमधला पास्ता

इथे मात्र पाकीट बदला. व्हाइट सॉस आणि चीजचा पास्ता भाजताना वर न भाजलेला बारीक चुरा लागतो. भाजलेला चुरा ओव्हनमध्ये दुसऱ्यांदा तापतो आणि करपतो. एक वाटी चुऱ्याला दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी चोळून घ्या, पास्त्यावर सारखा पसरा, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल भांड्याच्या अगदी जवळ असते, तेव्हा खालच्या खाचेत ठेवा आणि दहाव्या मिनिटापासून काचेतून बघत राहा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होणार नाही, चुरा फक्त गरम आणि मऊ होईल.

डबा आणि पावसाळा

डब्यात द्यायचा असेल तर चुरा वेगळ्या छोट्या डबीत द्या आणि पास्त्यात पाणी थोडं जास्त ठेवा, कारण दुपारपर्यंत तो आळतो.

पाकीट फोडल्यावर चुरा घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरा. जूनपासून ठाण्याच्या हवेत काहीही कुरकुरीत राहत नाही. मऊ पडला तर मंद तव्यावर तेल न घालता दोन-तीन मिनिटं परता आणि पूर्ण निवल्यावरच झाकण लावा, गरम भरला तर आत वाफ धरते. हा उपाय फक्त सादळलेल्या चुऱ्याला. कुबट वास आला किंवा गुठळ्या दिसल्या तर टाकून द्या. लसूण आणि तेलात भाजलेला चुरा उरला तर फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. पोह्यांवर, उकडलेल्या अंड्यांवर, फरसबीच्या भाजीवर तो चांगला लागतो.

भाजलेला चुरा आम्ही थोडा थोडा करतो, भरल्याची तारीख पाकिटावर असते. आणखी जाड हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा, वेगळा भरडून देऊ. पाकीट फोडल्यावर चुरा मऊ निघाला तर परत आणा, बदलून मिळेल.