गाण्यातून वगळलेला टॉमकाका

अमेरिकेतील लुईव्हिल येथे मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ‘केंटकी डर्बी’ ही घोड्यांची शर्यत होते आणि ती सुटण्यापूर्वी हजारो प्रेक्षक उभे राहून ‘माय ओल्ड केंटकी होम’ हे गाणे म्हणतात. १९२८ पासून केंटकीचे राज्यगीत असलेले हे गाणे बहुतेकांना जुन्या घराच्या ओढीचे वाटते. प्रत्यक्षात ते विकल्या गेलेल्या गुलामाचे गाणे आहे आणि त्याचा उगम समजून घ्यायचा तर आधी एका कादंबरीकडे वळावे लागते.

१८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यास बंदी होती. पण मिसिसिपी, लुइझियाना या भागांत कापूस आणि ऊस यांची लागवड वाढत गेली, तशी व्हर्जिनिया, केंटकी अशा राज्यांतील मालकांनी आपल्याकडचे गुलाम तिकडे विकण्याचा धंदाच मांडला. या देशांतर्गत व्यापारात नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि मुले तिसरीकडे जाणे नित्याचे होते. हॅरिएट बीचर स्टो ही धर्मोपदेशकाची मुलगी १८३२ पासून सिनसिनाटीत राहत होती. तिथून ओहायो नदी ओलांडली की केंटकीची, म्हणजे गुलामगिरीची हद्द लागे. पळून आलेल्या माणसांच्या हकिगती ती वर्षानुवर्षे ऐकत होती, आणि १८४९ च्या कॉलऱ्यात तिचे तान्हे मूल गेले, तेव्हा लेकरू हिरावले गेलेल्या गुलाम आईचे दुःख तिला आपल्या अनुभवातून कळले.

प्रत्यक्ष निमित्त मात्र १८५० च्या फरारी गुलामांसंबंधीच्या कायद्याचे झाले. या कायद्याने गुलामगिरी नसलेल्या राज्यांतील नागरिकांनाही गुलाम पकडून देण्याच्या कामी जुंपले आणि फरारी माणसाला आसरा देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. सुनावणी करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या हवाली केल्यास दहा डॉलर आणि सोडून दिल्यास पाच डॉलर मिळत. न्यायाचा काटा कुठे झुकावा हे कायद्यातच लिहून ठेवलेले होते म्हणा ना. स्टोबाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’ वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल एरा’ या साप्ताहिकात जून १८५१ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली, मार्च १८५२ मध्ये बॉस्टनमध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. कर्जात बुडालेला केंटकीचा एक मालक टॉमला विकतो आणि टॉम बायकामुलांना सोडून दक्षिणेकडे नेला जातो, ही त्या कथेची मुख्य वाट.

पिट्सबर्गजवळ १८२६ मध्ये जन्मलेला स्टीफन फॉस्टर तोवर गीतकार म्हणून गाजू लागला होता. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांसाठी तो गाणी रची; दक्षिणेशी त्याचा प्रत्यक्ष परिचय तुटपुंजाच होता. त्याच्या वहीत या गाण्याचा जो पहिला खर्डा आहे, त्यात प्रत्येक धृपद ‘बिचाऱ्या टॉमकाकाचा’ निरोप घेते. जानेवारी १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या फर्थ, पाँड आणि कंपनीने गाणे छापले, तेव्हा टॉम त्यातून गेलेला होता आणि धृपदात केंटकीचे घर तेवढे उरले होते. गाणे उत्तर-दक्षिण दोन्हीकडे खपावे, हा त्यामागचा हिशेब असावा असे मला वाटते. नाव गेले तरी कथा राहिलीच: शेवटच्या कडव्यातला माणूस उसाच्या मळ्यात मान खाली घालून ओझे वाहतो आहे आणि आता थोडेच दिवस उरले, असे म्हणतो आहे. गुलामगिरीतून स्वतः निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ मध्ये या गाण्याचा नामोल्लेख करून, अशी गाणी गुलामांविषयी सहानुभूती जागवतात, असे म्हटले होते.

कादंबरीचे रंगभूमीवर जे झाले ते अधिक वाईट. कादंबरीवरून नाटक करण्याचा हक्क तेव्हाच्या कायद्याने लेखकाकडे राखलेला नव्हता, त्यामुळे जॉर्ज एकेन यांच्या १८५२ च्या नाट्यरूपांतरापाठोपाठ ‘टॉम शो’ची रीघ लागली आणि त्यांत फॉस्टरची गाणीही बिनदिक्कत वापरली गेली. लपलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यास नकार देऊन मार खात मरणारा मूळचा धट्टाकट्टा टॉम या खेळांत वाकलेला, होयबा म्हातारा झाला. पुढे कृष्णवर्णीयांमध्ये त्याचे नाव ही शिवी बनली, त्याला पुस्तकाइतकेच हे खेळही कारणीभूत आहेत.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्या मुक्तीचे पडसाद पुण्यापर्यंत उमटले: जोतीराव फुले यांनी १८७३ चे आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक या कामी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच अर्पण केले आहे. फॉस्टर मात्र १८६४ च्या जानेवारीतच न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात वारला होता. तेव्हा त्याच्या पाकिटात अडतीस सेंट होते.

गाण्यात कृष्णवर्णीयांसाठी वापरलेला हिणकस शब्द राज्यगीतात पुढेही अनेक दशके तसाच राहिला. १९८६ मध्ये पाहुण्या म्हणून आलेल्या जपानी तरुणांच्या गटाने यजमानांच्या सन्मानार्थ केंटकीच्या विधिमंडळात ते गाणे मूळ शब्दांसह म्हटले, आणि त्यानंतर कार्ल हाइन्स या कृष्णवर्णीय सदस्याने मांडलेल्या ठरावानुसार त्या जागी ‘माणसे’ हा शब्द आला. शर्यतीच्या दिवशी आजही पहिले कडवे आणि धृपद एवढेच म्हणतात. उसाच्या मळ्याचे कडवे तिथे गायले जात नाही.