हसायचं कुणाला? ‘अमेरिकन ब्यूटी’ आणि ‘हॅपिनेस’

मुंबईतल्या सिनेमावेड्यांच्या गप्पांत हे दोन चित्रपट हटकून एकमेकांत मिसळतात. टॉड सोलॉन्झचा ‘हॅपिनेस’ १९९८ चा, सॅम मेंडिसचा ‘अमेरिकन ब्यूटी’ १९९९ चा. दोन्हींत अमेरिकेतलं उपनगर, नीट कापलेली हिरवळ, प्रशस्त घर आणि त्या घरात एकमेकांशी धड न बोलणारी माणसं. दोन्हींवर ‘ब्लॅक कॉमेडी’, म्हणजे काळ्याकुट्ट गोष्टींतून हसू काढणारा विनोद, हाच शिक्का. त्यामुळे बाप मुलासमोर आपला गुन्हा कबूल करतो ते जीवघेणं संभाषण लोक ‘अमेरिकन ब्यूटी’त शोधतात. ते ‘हॅपिनेस’मधलं. गुलाबाच्या पाकळ्या आणि वाऱ्यावर भिरभिरणारी प्लास्टिकची पिशवी ‘अमेरिकन ब्यूटी’तली.

दृश्यांची सरमिसळ झाली तरी बिघडत नाही, पण सोबत आक्षेपांचीही होते. ‘हा दिग्दर्शक आपल्याच पात्रांचा तिरस्कार करतो’ हा आरोप गेली पंचवीसहून अधिक वर्षं ‘हॅपिनेस’वर होतो आहे. माझ्या मते त्यातला बराचसा भाग ‘अमेरिकन ब्यूटी’च्या खात्यावर जायला हवा.

‘अमेरिकन ब्यूटी’ला आठ ऑस्कर नामांकनं होती आणि पाच पुरस्कार मिळाले: सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण आणि केव्हिन स्पेसीला अभिनेता म्हणून. मेंडिस हा लंडनच्या रंगभूमीवरचा माणूस आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. पटकथाकार अ‍ॅलन बॉल टीव्हीवरच्या विनोदी मालिका लिहून आलेला. तेव्हा कौतुकाचा पूर आला होता, पुढे मात्र मत फिरत गेलं. २०१७ मध्ये स्पेसीवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. न्यूयॉर्कमधला दिवाणी दावा २०२२ मध्ये त्याच्या बाजूने लागला आणि २०२३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. तरी मधल्या काळात अनेकांनी चित्रपट नव्याने पाहिला आणि त्यांना तो खटकला. माझा आक्षेप नटाशी संबंधित नाही. तो चित्रपटाच्या आतलाच आहे आणि पहिल्या दिवसापासून तिथे आहे.

हा आक्षेप कॅरोलिनबद्दलचा. नायक लेस्टर बर्नहॅमची (हीच स्पेसीची भूमिका) ही बायको घरं विकणारी एजंट आहे. सुरुवातीलाच ती बागेत गुलाब छाटताना दिसते आणि लेस्टरचा आवाज आपल्याला सांगतो, बघा, तिच्या कात्रीची मूठ आणि पायातले बागकामाचे बूट एकमेकांना मॅचिंग आहेत, आणि हा योगायोग नाही. प्रेक्षक हसतो. मग एका घराचा सौदा व्हावा म्हणून ती कंबर कसून ते घर घासूनपुसून लख्ख करते. आज हे घर विकणारच, असं स्वतःला बजावत राहते. दिवसभर गिऱ्हाइकं येतात, नाक मुरडतात, जातात. शेवटी ती पडदे ओढून घेते, रडते आणि रडल्याबद्दल स्वतःच्याच थोबाडीत मारते. अ‍ॅनेट बेनिंगने हे इतकं खरं केलंय की हसू घशातच अडकतं. पण चित्रपट तिथे थांबत नाही, लगेच तिला पुन्हा चेष्टेचा विषय करतो.

दुसरीकडे लेस्टर मालकांना धमकावून वर्षभराचा पगार उकळतो, नोकरी सोडतो, बर्गरच्या दुकानात लागतो, १९७० ची लाल फायरबर्ड गाडी आणतो आणि मुलीच्या शाळकरी मैत्रिणीची स्वप्नं पाहतो. याला चित्रपट ‘जागा झालेला माणूस’ म्हणतो. मधे एकदा नवराबायको सोफ्यावर जवळ येतात, जुनी ओढ परतते, आणि कॅरोलिन पुटपुटते, ‘बिअर सांडेल सोफ्यावर.’ लेस्टर भडकतो: हा नुसता सोफा आहे! ती ओरडते की हा चार हजार डॉलरचा, इटालियन रेशमाचा सोफा आहे. या प्रसंगात ती वस्तूंची गुलाम आणि तो मुक्त, असा निकाल दिग्दर्शकाने आधीच लावून ठेवला आहे. दादरला एका खेळानंतरच्या चर्चेत मुलुंडच्या एक ताई म्हणाल्या, ‘अहो, पण नवऱ्याने नोकरी सोडल्यावर हप्ते कोण भरतंय?’ हा प्रश्न चित्रपटाला पडतच नाही.

उपहासाला मोजपट्टी लागते. माणसं कुठे चुकली हे दाखवायचं तर बरोबर काय, हे लेखकाच्या मनात पक्कं असावं लागतं, आणि ती पट्टी सगळ्यांना सारखी लावावी लागते. इथे ती बायकोला लागते, शेजारच्या कर्नलला लागते, नायकाला मात्र लागत नाही. चित्रपटात शेवटी लेस्टरचा खून होतो. मूळ पटकथेत हा शेवट जास्त कडवट होता. लेस्टरची मुलगी आणि तिचा मित्र यांच्यावर लेस्टरच्या खुनाचा खटला चालतो आणि न केलेल्या गुन्ह्यासाठी दोघं दोषी ठरतात, असे प्रसंग चित्रित झाले होते. संकलनात मेंडिसने ते काढून टाकले. उरला तो मेलेल्या नायकाचा शांत, कृतज्ञ आवाज. उपहास म्हणून सुरू झालेला चित्रपट तिथे शोकगीत होऊन संपतो. ज्यांना तो आवडतो त्यांना हे शोकगीत आवडतं, ज्यांना आवडत नाही ते उपहास शोधत बसतात. कॉनरॅड हॉलचं छायाचित्रण आणि थॉमस न्यूमनचं संगीत इतकं देखणं आहे की हा सांधा पटकन दिसतही नाही.

‘हॅपिनेस’मध्ये असं देखणेपण नाही. रंग फिके, कॅमेरा स्थिर, माणसं एकमेकांसमोर बसून बोलतात. न्यू जर्सीत वाढलेल्या तीन बहिणी आणि त्यांच्या भोवतीचे लोक, एवढाच पसारा. कान महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, तरी वितरक कंपनीने मूळ मालकांच्या दबावाखाली त्याचा हात सोडला आणि निर्मात्यांनाच तो प्रदर्शित करावा लागला. कारण थोरल्या बहिणीचा नवरा. हा सभ्य मानसोपचारतज्ज्ञ लहान मुलांवर अत्याचार करणारा आहे. शेवटाकडे त्याचा अकरा वर्षांचा मुलगा त्याला थेट प्रश्न विचारतो आणि बाप रडत रडत प्रत्येकाचं खरं उत्तर देतो. त्या दृश्यात दिग्दर्शक बापाला माफ करत नाही आणि त्याचा राक्षसही करत नाही. मुलाचा चेहरा मात्र आपल्याला पाहायला लावतो.

पण माझ्या मते चित्रपटाची किल्ली एका छोट्या संवादात आहे. धाकटी जॉय, जिला सगळे बिचारी समजतात, काहीतरी बोलते आणि यशस्वी लेखिका असलेली मधली बहीण हेलन हसते. मग समजूत घालते, अगं, मी तुला हसत नाहीये, तुझ्याबरोबर हसतेय. जॉय म्हणते, ‘पण मी कुठे हसतेय?’ ‘हॅपिनेस’ला क्रूर म्हणणाऱ्यांनी हा क्षण पुन्हा पाहावा. प्रेक्षक त्या घटकेला ज्या जागी बसलाय, ती जागाच सोलॉन्झ दाखवून देतो. त्याच्याकडे मोजपट्टी नाही आणि तो तसा आवही आणत नाही. ब्लॅक कॉमेडी म्हणजे हेच: जिथे हसू नये तिथे हसू फुटतं आणि त्याचा हिशेब आपला आपल्याला द्यावा लागतो. दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांच्या दिवसांपासून घरातली हिंसा रंगमंचावर पाहत आलेल्या मुंबईच्या प्रेक्षकाला ‘हॅपिनेस’ खरं तर जास्त जवळचा वाटायला हवा.

तसं होत नाही, त्यामागे आपला एक नेहमीचा आक्षेप आहे: एवढं मोठं घर, अंगण, गाडी असताना यांना दुःख कसलं? आयुष्यभर दोन खोल्यांचा हप्ता फेडलेल्या माणसाने हे विचारणं मला मुळीच चुकीचं वाटत नाही. पण ती घरं कशी उभी राहिली हे पाहावं. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन उभं राहिलं, एकसारखी सतरा हजारांवर घरं. कुंपण घालायचं नाही, हिरवळ आठवड्याला कापायची, असे नियम. सुरुवातीच्या करारांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. कोण शेजारी नसेल हे तिथे आधीच ठरलेलं होतं. आपली उपनगरं रेल्वे स्टेशनाभोवती, दाराला दार लागून वाढली. बोरिवलीत भांडण झालं तर मजल्याला कळतं. लेस्टरच्या घरात ते खिडकीतून कॅमेरा रोखणाऱ्या शेजारच्या मुलाला कळतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांत ‘गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत’ अशी नोटीस लागते तेव्हा मात्र लेव्हिटाउन फार लांब राहत नाही.

दोन्ही पाहायचे असतील तर ‘हॅपिनेस’ आधी पाहावा. तो पाहून झाल्यावर ‘अमेरिकन ब्यूटी’त आपण कुणाला हसतोय याकडे आपोआप लक्ष जातं. फक्त ‘हॅपिनेस’ घरच्यांबरोबर, मुलं समोर असताना लावू नका. अमेरिकेतही तो अधिकृत वयोगटाचं प्रमाणपत्र न घेताच प्रदर्शित झाला होता.