चार भाग निकेल, एक भाग लोखंड

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर दोऱ्याला लोहचुंबक बांधून काळ्या वाळूतून ओढला, की त्याला कणांची दाढी फुटते. हे कण मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. त्याच वाळूतलं इल्मेनाइट हे दुसरं खनिज साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. कण कसे चिकटतात ते जवळून पाहा: एकावर एक चढून काट्यांसारखे ताठ उभे राहतात.

हेच चुंबकत्व एखाद्या पातळ थरात असेल तर ते उभं राहत नाही, आडवं पडतं. उभं राहायचं तर थराच्या एका अंगावर सगळा उत्तर ध्रुव आणि दुसऱ्या अंगावर सगळा दक्षिण ध्रुव येईल, आणि त्याला फार ऊर्जा लागते. अनेक मोबाइलमधलं होकायंत्र याच आडवं पडण्यावर चालतं. त्यात सुई नसते. असते ती पर्मलॉयची फिल्म, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ.

पर्मलॉय म्हणजे सुमारे 80 टक्के निकेल आणि 20 टक्के लोखंड. गुस्ताव एल्मेन यांनी शोधलेला हा मिश्रधातू 1924 मध्ये न्यूयॉर्क ते अझोर्स बेटं या समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारेत वापरला गेला. प्रमाण 80 च्याच आसपास का, हा यातला मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग. चुंबकत्व आलं की लोखंड किंचित लांबतं, निकेल आखडतं. या प्रमाणात दोघांचं लांबणं-आखडणं जवळजवळ फिटतं. स्फटिकाला एखादी दिशा जास्त आवडावी, हा हट्टही जवळपास संपतो. म्हणून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कोकणात जेमतेम 40 मायक्रोटेस्लाच्या घरात असूनही फिल्ममधलं चुंबकत्व त्याच्यासमोर वळतं.

ते वळलं हे कळतं विजेमुळे. विद्युतप्रवाह चुंबकत्वाच्या दिशेनेच वाहत असेल तर रोध जास्त, काटकोनात असेल तर कमी. विल्यम थॉमसन यांनी 1857 मध्ये लोखंड आणि निकेलमध्ये हे पाहिलं होतं. पर्मलॉयच्या फिल्ममध्ये हा फरक दोन-तीन टक्क्यांचा असतो. फिल्मवर 45 अंशांत धातूच्या तिरप्या पट्ट्या बसवून प्रवाह तिरका वाहू देतात, म्हणजे चुंबकत्व डावीकडे झुकलं की उजवीकडे, हेही समजतं.

आजूबाजूचं लोखंड आणि विजेचे प्रवाह मात्र चुंबकीय मोजमापाचे जुने वैरी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली. जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून 1906 पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं.

होडीवर एवढी सोय कुठली! तांडेलाने फोन इंजिनाजवळ धरला की दिशा भरकटते आणि फोन हवेत आठचा आकडा काढायला सांगतो. आठ काढताना फोनमधल्या स्पीकरचा चुंबक फोनबरोबर फिरतो, पृथ्वीचं क्षेत्र फिरत नाही. त्यामुळे फोनला स्पीकरचा वाटा ओळखून वजा करता येतो. इंजिन मात्र फोनबरोबर फिरत नाही, म्हणून त्याचा वाटा या हिशेबातून सुटतो. दिशा पाहायची तर फोन घेऊन नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला जावं.