चासीला कोणता लेप? आधी टवका उडू द्या

चासीसाठीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यासाठीच्या लेपांच्या जाहिरातीत एक दावा हमखास भेटतो: शंभर टक्के वॉटरप्रूफ. तो शाळेतल्या विज्ञानाशी जुळतोही. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतात, रंग दोघांना बाहेर ठेवतो, म्हणून रंगवलेलं लोखंड गंजत नाही. मग थर जितका जाड, तितकी चिंता कमी.

अडचण एवढीच की रंग पाण्याला अडवत नाही. निदान गंज थांबेल इतकं तर नाहीच. केंब्रिजमधल्या जे. ई. ओ. मेन यांनी १९५० च्या सुमारास हा हिशेब मांडला. रंगाच्या पापुद्र्यातून पाणी आणि ऑक्सिजन किती वेगाने झिरपतात आणि उघडं पोलाद गंजताना त्यांचा किती वापर करतं, हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं, झिरपणारा पुरवठा गंजायला पुरून उरतो. तरीही रंगवलेलं पोलाद वर्षानुवर्षं टिकतं. का टिकतं, हे एकदा समजलं की दगडधोंड्यांतून, चिखलातून जाणाऱ्या गाडीच्या चासीला काय लावायचं, याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

त्यासाठी केंब्रिजमधलाच एक प्रयोग पाहू. मला तो गंजशास्त्रातला सगळ्यांत देखणा प्रयोग वाटतो. यू. आर. एव्हान्स यांनी १९२० च्या दशकात तो केला. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात आधीच दोन सूचक मिसळलेले: जिथे अल्क तयार होईल तिथे गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन आणि जिथे लोखंड विरघळेल तिथे निळं होणारं पोटॅशिअम फेरिसायनाइड. सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके कुठेही उमटतात. थोड्या वेळाने चित्र स्थिरावतं: थेंबाचा मध्य निळा, कडेला गुलाबी कडं आणि दोहोंच्या मधोमध तपकिरी गंजाचं वलय.

म्हणजे लोखंड झिजतं थेंबाच्या मध्यभागी, जिथे ऑक्सिजन सर्वांत कमी पोचतो तिथे! कडेला पाण्याचा थर पातळ असतो, हवा सहज मिळते. तिथे ऑक्सिजन आणि पाणी मिळून धातूकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि हायड्रॉक्साइड आयन बनवतात. हे ऋणाग्र. ते इलेक्ट्रॉन पुरवायला मध्यभागचे लोखंडाचे अणू आयन होऊन पाण्यात उतरतात. हे धनाग्र. दोन्हीकडचे आयन मध्ये भेटतात आणि तिथे गंज साचतो. एका थेंबात पूर्ण विद्युतघट तयार झालेला असतो: इलेक्ट्रॉन धातूतून वाहतात, आयन पाण्यातून. चासीवर दोन पत्र्यांच्या जोडात अडकलेला ओला चिखल सर्वांत घातक का, तेही इथेच कळतं. त्याच्याखाली ऑक्सिजन कमी, बाहेर भरपूर. झीज आत, डोळ्यांआड होते.

या मंडलाला दोन वाटा लागतात, आणि एक तोडली तरी गंजण्याचा वेग कोसळतो. धातूतली वाट तोडता येत नाही. रंग दुसरी तोडतो. पाण्याचे रेणू रंगातून जातात, पण सोडिअम आणि क्लोराइडसारखे विद्युतभारित आयन सहजासहजी जात नाहीत. थोडक्यात, चांगला रंग छत्रीपेक्षा विजेच्या मंडलातल्या मोठ्या रोधासारखा वागतो. शिवाय तो ओला असतानाही पोलादाला घट्ट चिकटून राहावा लागतो, नाहीतर आत शिरलेलं पाणी पोलाद आणि रंग यांच्यामध्ये सलग थर धरतं आणि आयनांना आयता रस्ता मिळतो.

आता एक दगड उडून चासीवर बसू द्या. टवका उडाला, नखाएवढं पोलाद उघडं पडलं. इथून पुढचा भाग थोडा रासायनिक आहे, पण सगळी मेख त्यातच आहे.

उघड्या जागी लोखंड विरघळू लागतं आणि लवकरच गंजाची खपली धरते. खपलीखाली ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून तिथे धनाग्र पक्कं होतं. ऋणाग्राला मात्र ऑक्सिजन हवा. तो कुठून येतो? शेजारच्या, धडधाकट दिसणाऱ्या रंगातून झिरपून. त्यामुळे ऋणाग्र टवक्याच्या कडेने रंगाच्या खाली सरकतं. तिथे हायड्रॉक्साइड तयार होतं, भार समतोल राखायला टवक्यातून सोडिअमचे आयन पोलाद-रंगाच्या सीमेवरून आत शिरतात, आणि त्या अरुंद फटीत सामू (pH) १३ च्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे रंगाखाली अक्षरशः कॉस्टिक सोडा बनतो. तेलावर आधारित साध्या एनॅमल रंगाचा त्यात साबण होतो. एपॉक्सी रंगाचा साबण होत नाही, पण त्याचीही पकड हळूहळू सुटते. पकड सुटली की नवं पोलाद ओलं होतं आणि ऋणाग्राची आघाडी पुढे सरकते. म्हणूनच टवक्याच्या कडेचा सैल पापुद्रा उचलला तर खालचं पोलाद कधीकधी चक्क चकचकीत दिसतं. गंज मागून येतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्यामुळे उरलेला रंगही उचलून टाकतो.

या सगळ्यात थराची जाडी फारशी आड येत नाही. लेप निवडताना विचारायचा प्रश्न असा: टवका उडाल्यावर याचं काय होणार? टवका उडणारच आहे.

पावडर कोटिंग या प्रश्नावर निराश करतं. भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून बसलेला तो थर दिसायला सुरेख असतो, कठीणही असतो. पण नुसत्या पोलादावर दिला आणि एकदा फुटला, की वर सांगितलेली आघाडी त्याच्याखालून चालू होते आणि वरून काही कळत नाही. शिवाय स्थिर विद्युतभाराने चिकटणारी पावडर खोल कोपऱ्यांत नीट पोचत नाही आणि डागडुजीसाठी घरी भट्टी नसते. डांबरी किंवा रबरी अंडरबॉडी कोटिंग कालांतराने कडक होऊन तडकतं आणि तड्यांमागे पाणी धरून ठेवतं. गंजलेल्या चासीवर ते फासणं म्हणजे पुरावा झाकणं.

खरं उत्तर जस्तापाशी आहे. लोखंडाचं प्रमाण विद्युत विभव उणे ०.४४ व्होल्ट, जस्ताचं उणे ०.७६; जितकं जास्त उणे, तितका तो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो. दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले आणि एकाच पाण्यात असले, तर इलेक्ट्रॉन जस्त देतं आणि लोखंड ऋणाग्र होऊन बचावतं. काही मिलिमीटरच्या ओरखड्यात पोलाद उघडं पडलं तरी कडेचं जस्त त्याच्यासाठी झिजत राहतं. ही युक्ती हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी वापरली होती. तांबं झिजायचं थांबलं, पण विरघळणारं तांबंच समुद्रजीवांना दूर ठेवत होतं. ते थांबताच तळावर शिंपल्यांची वसाहत जमली आणि जहाजं मंदावली. चासीवर शिंपले जमायची भीती नसल्याने आपण निर्धास्त राहू शकतो.

याच तत्त्वाच्या नावाने बॅटरीला जोडायची ‘इलेक्ट्रॉनिक गंजरोधक’ डबी विकली जाते. जहाज समुद्रात बुडालेलं असतं, नळ ओल्या मातीत पुरलेला असतो. धनाग्रापासून पोलादापर्यंत सलग ओल असते, म्हणून तिथे विद्युतप्रवाह देऊन गंज रोखता येतो. गाडी हवेत उभी असते आणि तिच्यावर सुटेसुटे थेंब असतात. आयनांची वाटच नाही, मग डबीवरचा दिवा कितीही लुकलुको. रंगाच्या डब्यांवरच्या ‘इतके तास सॉल्ट स्प्रे’ या आकड्यालाही फार भुलू नये. त्या चाचणीत नमुना ३५ अंशांवर मिठाच्या धुक्यात सतत ओला राहतो. जस्ताला वाळायला वेळ आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला तर त्यावर कार्बोनेटचं संरक्षक कवच धरतं. चाचणीत ती संधीच नसते. त्यामुळे तास आणि वर्षं यांचं सरळ गणित बसत नाही.

चासी पूर्ण सुटी करता येत असेल तर माझं मत हॉट-डिप गॅल्वनायझिंगला. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवल्यावर नुसता मुलामा चढत नाही; लोखंड-जस्ताच्या संमिश्रांचे थर तयार होतात आणि त्यांतले काही मूळ पोलादापेक्षाही कठीण असतात. दगड आदळला तर वरचं मऊ जस्त चेपतं, खालचा कठीण थर टिकतो. वेल्डिंग मात्र सगळं आधी उरकावं. बंद पोकळ्यांना भोकं ठेवावीत, नाहीतर आत कोंडलेल्या पाण्याच्या वाफेने स्फोट होऊ शकतो. पातळ पत्रा उष्णतेने वाकण्याचा धोका असतो. अतिउच्च ताकदीच्या पोलादाला आधीच्या आम्लस्नानातला हायड्रोजन ठिसूळ करू शकतो, म्हणून पोलादाची प्रत माहीत नसेल तर हा मार्ग नको.

बॉडी उतरवणं शक्य नसेल तर सँडब्लास्टिंग करून (वाळूच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढून) उघड्या पोलादावर जस्तयुक्त एपॉक्सी प्रायमर, त्यावर दोन भागांचं एपॉक्सी आणि उन्हात एपॉक्सीची भुकटी होते म्हणून वर पॉलियुरेथेनचा हात. प्रायमरमधले जस्ताचे कण एकमेकांना आणि पोलादाला टेकले तरच वीज वाहते. जुन्या रंगावर किंवा गंजावर तोच प्रायमर लावला तर तो नुसता करडा रंग. धारदार कडांवरून ओला रंग मागे सरकतो, तेव्हा कडा आधी घासून गोल कराव्यात आणि त्यांना ब्रशने एक जादा हात द्यावा. वरचा रंग काळा न घेता फिकट करडा घ्यावा. गंजाचा पहिला ओघळ त्यावर लगेच दिसतो आणि तेवढीच जागा घासून पुन्हा प्रायमर लावता येतो.

पेटीसारख्या पोकळ भागांच्या आत यातलं काहीच नीट पोचत नाही. तिथे लांब नळीने मेणासारखा, न वाळणारा लेप फवारतात. तो फटींत सरकत जातो आणि दगडांपासून सुरक्षित असल्याने टवक्याचा प्रश्न येत नाही. पण तो धुऊन जातो, म्हणून अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. फवारण्याआधी आतला चिखल पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा आणि निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करावीत. ती मेणाने बुजली तर पेटीत पाणी साचून राहील.